मागं राहू नकोस

१

चान चान या ओसाड, मातीच्या जुन्या नगरीच्या भिंतींतून बाहेर पडताना आपल्या माणसाला नावानं हाक मारायची असते. शेजारच्या वांचाको गावात हे कुणी कुणाला मुद्दाम शिकवत नाही. पायात चप्पल घालावी तसं ते येतं. फाटकाशी थांबायचं, आत तोंड करायचं आणि म्हणायचं, "चल गं, मागं राहू नकोस." आतल्यानं "आले" म्हणायचं. ओ ऐकू आली की मगच फाटक ओलांडायचं. नाहीतर माणूस बाहेर येतं आणि त्याची सावली आतच कुठल्यातरी भिंतीला टेकून राहते. मग अन्न जात नाही, झोपेत बडबड सुरू होते आणि कुणीतरी अंगातला सदरा घेऊन तिला बोलवायला पुन्हा तिथं जावं लागतं.

नेरीदा त्रुहियोच्या विद्यापीठात इतिहास शिकली होती आणि आता वांचाकोच्या शाळेत तोच शिकवत होती. सावल्या मागं राहतात यावर तिचा विश्वास नव्हता. पण पोरांची सहल चान चानला नेली की फाटकाशी उभी राहून एकेका पोराला ती नावानं बोलवायचीच. हजेरी घेते, असं स्वतःला सांगायची.

आता मात्र पोरांची सहल नव्हती. मिलानहून मेना आली होती. तिची थोरली बहीण, फिलोमेना, कित्येक वर्षांनी घरी आली होती, आणि नेरीदाला आनंदानं धड जेवणही जात नव्हतं. तिकडं मेना एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करत होती. रजा संपली की परत जाणार, हे ती विमानतळावर मिठी मारतानाच बोलून गेली होती. नेरीदानं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. तिनं मनात बेत पक्का केला होता. मेनाला असं फिरवायचं, असं खिलवायचं, की तिला परत जावंसं वाटताच कामा नये.

"अगं पिसू, श्वास तरी घेऊ दे," मेना म्हणायची. लहानपणी भांडं पडलं तरी नेरीदा टुणकन उडायची, म्हणून मेनानं तिचं नाव पिसू ठेवलं होतं. अजूनही ती उडायची. कुणी हाक मारली की नाव पुरं व्हायच्या आत "आले, आले" तोंडातून गेलेलं असायचं.

"चान चानला तू कधी नीट गेलीच नाहीस," नेरीदा म्हणाली. "दर वेळी काहीतरी निमित्त काढलंस."

"मातीच्या भिंती गं. घरामागंही आहेत."

"घरामागच्या भिंती इंकांच्या आधीच्या राजांनी बांधलेल्या नाहीत. कोंबड्यांसाठी मामानं बांधल्यात."

"म्हणजे जास्त उपयोगाच्या," मेना म्हणाली, आणि आई स्वयंपाकघरात इतकी हसली की तिला ठसका लागला. तिच्या पायाशी पेलूसा उठून बसली. पेलूसा म्हणजे मऊ लव. अंगावर एकही केस नसलेल्या त्या काळ्या कुत्रीला मेनानंच चेष्टेनं हे नाव दिलं होतं.

२

मिनीबसनं त्यांना हमरस्त्यावर सोडलं. तिथून फाटकापर्यंत दोन्ही बाजूंना पडक्या भिंती, मध्ये धुळीची वाट. समुद्रावरून धुकं आत सरकत होतं. नेरीदा जवळजवळ पळत होती. तिकिटाच्या खिडकीत वेन्चे काका होते. शाळेच्या सहलींमुळं तिला चांगले ओळखत होते.

"आज पोरं कुठं टाकलीस?"

"आज एकच पोर आहे काका. माझी बहीण, युरोपातून आलीय."

"युरोपातून आली तरी बूट झाडून जा म्हणावं. तिकडची धूळ आमच्या भिंतींना चालत नाही."

तेवढ्यात मेनाचा फोन वाजला. मिलानहून म्हातारीच्या मुलीचा होता. कुठल्या गोळ्या कुठल्या डबीत, ते सापडत नव्हतं. मेनानं हातानं खूण केली. "तू हो पुढं, आलेच मी मागून."

नेरीदा आत गेली. मोठ्या चौकात आज कुणी नव्हतं. समोरची भिंत धुक्यात अर्धी बुडाली होती आणि तिचा वरचा काठ तेवढा पुसट दिसत होता. मागून पावलं वाजली. सावकाश, मातीवर घासत येणारी. मेनाचे ते इटलीचे बूट तिला चावत होतेच.

"ये अशी," नेरीदा मागं न बघता म्हणाली. पोरांना घेऊन जाताना ती अशीच पुढं चालायची, चेहरा भिंतीकडं, हात वर. "हे मासे बघ. खालची रांग इकडं पोहतेय, वरची तिकडं. समुद्रातला गार प्रवाह आणि उष्ण प्रवाह, असं म्हणतात. बघतेस ना?"

"हं," मागून आलं.

नेरीदाला हसू फुटलं. इतिहासाच्या नावानं जांभया देणारी मेना चक्क ऐकत होती. मग तिची जीभ थांबेचना. पाणपक्षी दाखवले, भिंतीवरच्या लाटा दाखवल्या, जाळ्यासारखी भोकं ठेवून उभारलेल्या भिंती दाखवल्या. बोळ अरुंद होत गेले. दर थोड्या वेळानं मागून "हं" यायचं, आणि तिला वाटायचं, आत्ताच बोलून टाकावं. मेनाच्या तोंडाकडं बघून तिला ते कधीच बोलता आलं नसतं. मेना हसली असती आणि गोष्ट हसण्यावारी गेली असती. म्हणून ती जाळीच्या भिंतीशी थांबली, एका भोकात बोट घातलं आणि भिंतीलाच म्हणाली, "जाऊ नकोस ना गं परत. राहा ना इथंच. आईजवळ, माझ्याजवळ."

धुक्यातून समुद्राचा आवाज तेवढा येत होता.

"हं," मागून आलं.

नेरीदाचे डोळे भरून आले. आता मागं वळलं तर रडू फुटेल, म्हणून ती तशीच चालत सुटली. बोळ, चौक, पुन्हा बोळ. फाटकाशी आली, आत तोंड केलं, पण धुक्याखेरीज काही दिसलं नाही. आनंदानं थरथरत्या आवाजात तिनं हाक मारली, "मेना, चल गं. मागं राहू नकोस."

"आले."

नेरीदा बाहेर पडली. समोरच्या बुटक्या भिंतीवर मेना बसली होती. हातात बर्फाचा गोळा, ओठ जांभळे.

"किती वेळ गं पिसू. मी दुसरा गोळा घेतला."

"तू... तू कधी बाहेर आलीस?"

"आत गेलेच कुठं? त्या बाईला अजून डबी सापडत नाहीये."

नेरीदाला वाटलं, मेना चेष्टा करतेय. तिनं वेन्चे काकांकडं बघितलं.

"न गेलेल्या माणसाला बोलावलंस होय, मास्तरीणबाई?" काका म्हणाले. "तिकीट कुणाचं फाडू मग?" ते हसले. हसता हसता त्यांनी फाटकाकडं बघितलं. मग उठले आणि आपलं स्टूल वाटेतून जरासं बाजूला घेतलं, कुणाला जायला जागा द्यावी तसं.

३

आत दुसरा कुणीतरी परदेशी पर्यटक असणार. पुढं कुणीतरी एकटंच बडबडत चाललंय, सभ्यपणानं "हं" म्हणावं, एवढंच केलं असणार त्यानं. मिनीबसमध्ये नेरीदानं हे स्वतःला पटवलं, आणि वांचाको येईपर्यंत ते पुरतं पटलंही. परदेशी माणसाला "आले" म्हणता येईल का, हा प्रश्न तिनं मनात येऊ दिला नाही.

घरी आईनं सेविचे केलं होतं. माशावर लिंबू पिळलेलं, कांदा, मिरची, बाजूला उकडलेलं रताळं. मेना न्हाणीघरात होती. पाण्याचा आवाज येत होता.

"मेना, जेवायला चल," आईनं हाक मारली.

"आले," मागच्या खोलीतून आवाज आला.

नेरीदाच्या हातातला चमचा खाली पडला. न्हाणीघरात पाणी वाजतच होतं. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आत दिवा लावलेला नव्हता.

"काय उडतेस गं," आई म्हणाली. "बहीण बोलली तरी दचकतेस."

"आई, मेना न्हाणीघरात आहे."

"मग तिथून बोलली."

मेना ओल्या केसांनी आली, ताटावर तुटून पडली आणि म्हणाली, "मला हाक मारायची ना. इथं सगळं संपवलं असतं तुम्ही." आईनं ते ऐकलं नाही, ती लिंबू कापत होती.

जुन्या घरात आवाज फिरतो, नेरीदानं ठरवलं. पाण्याच्या नळातून, छपराच्या वेतातून, कुठूनही. आणि पुढचे दिवस इतके सुंदर होते की तिला असल्या विचारांना वेळच नव्हता. मेना लव्हाळ्याच्या होडीत बसून लाटांवर गेली आणि भिजून, ओरडत परत आली. मैत्रिणींच्या घरी नाचली. बाजारातून ल्यूकुमा फळाचं आइस्क्रीम खात दोघी घरी येत, आणि रोज येताना नेरीदाला वाटे, आज सांगेल ही, पिसू, मी जात नाही म्हणून.

फक्त एक झालं. पेलूसा मेनाच्या पायाशी झोपेनाशी झाली. ती रुसली नव्हती, भुंकली नव्हती. मागच्या खोलीत वेताची एक खुर्ची होती, तिच्यापुढं ती जाऊन पडायची. मान अशी टेकवायची की खाली कुणाचातरी पाय असावा. हनुवटी जमिनीपासून थोडी वर राहायची. नेरीदानं एकदा तिला उचलून आणलं. कुत्रीचं अंग नेहमीसारखं ऊन होतं. हनुवटीला बारीक पिवळट माती लागली होती.

४

सोमवारी आईनं शांबार केलं. सोमवारी त्रुहियोच्या मुलखात दुसरं काही शिजतच नाही. गहू, वाटाणे आणि डुकराचं मांस घालून दाट, चमचा उभा राहील असं. तिघी टेबलाशी बसल्या.

"मेना, कसं झालंय?" आईनं विचारलं.

मेनाचं तोंड भरलेलं होतं. ती चावत होती. ओठ मिटलेले होते. नेरीदा तिच्याकडंच बघत होती.

"पहिल्यासारखंच," स्वयंपाकघरातून आवाज आला. मेनाचाच आवाज, पण सावकाश, घासत येणारा.

आईनं स्वयंपाकघराकडं बघून मान डोलावली. तिचा चेहरा एकदम खुलला. मग आई पुन्हा जेवू लागली. मेनानंही चावणं थांबवलं नाही. तिनं काही ऐकलं नव्हतं, किंवा ऐकलं आणि ते आपल्यासाठी नाही असं तिला वाटलं होतं.

"मेना," नेरीदा हळूच म्हणाली.

मेना जेवत राहिली.

"मेना."

नेरीदानं तिच्या हाताला हात लावला तेव्हा तिनं वर बघितलं. "मला म्हणालीस?"

त्या दिवसापासून नेरीदा पाळत ठेवू लागली. हाक मारली की मेना बघेनाशी झाली होती. बाजारात एका दुकानदारानं शिवायला टाकलेला झगा देताना नाव विचारलं, तर ती हसत नेरीदाकडं वळली, जणू ते नेरीदानं सांगायचं होतं. समुद्रावर बसल्या असताना ती एकदम म्हणाली, "मजा बघ. कुणी मला हाक मारली की वाटतं, मागं दुसरी कुणी उभी आहे, तिला मारली."

"थकलीस तू," नेरीदा म्हणाली.

"थकायला काय झालंय? खातेय आणि लोळतेय." पण ती पूर्वीसारखी हसली नाही, आणि तिची नजर लाटांवरून हलली नाही.

दोघी घरी आल्या तेव्हा आई आनंदात होती. "आज मेनानं मला सगळा कांदा चिरून दिला," ती म्हणाली. "माझी पोर एका हाकेत ओ देते. इतकी वर्षं परदेशात राहून विसरली नाही."

सबंध दुपार मेना नेरीदाबरोबर समुद्रावर होती.

आणि इथं नेरीदाला एक विचार आला, ज्याची तिला नंतर फार भीती वाटली. तिनं जे मागितलं होतं, ते मिळालं होतं. घरात कुणीतरी राहायला आलं होतं. ते जाणार नव्हतं. त्यानं तिला तसा शब्द दिला होता.

रात्रीच्या जेवणाआधी मेना आरशापुढं उभी राहून स्वतःचं नाव पुटपुटत होती. "मे... मे..." मग थांबली आणि मोकळेपणानं नेरीदाला विचारलं, "काय गं ते?"

तेव्हा नेरीदानं ठरवलं. तिला मेना हवी होती, पण अशी नव्हे. मिलानला गेली तरी चालेल, पुन्हा कधी आली नाही तरी चालेल, पण पुरी जायला हवी.

५

आत न गेलेल्या माणसाला हाक मारली, ती चूक. मग ज्याला ती हाक लागली, त्याला आत नेऊन सोडायचं आणि न बोलावता बाहेर यायचं. मेना जाईल तिथं तेही जाणार, कारण ते तिच्या नावाला चिकटलं होतं. इथवर नेरीदाचं गणित सरळ होतं. पण या वेळी मेना खरोखर आत जाणार होती. तिला न बोलावता आणलं आणि तिचंच काही मागं राहिलं तर? आणि "मेना" म्हणून बोलावलं तर कोण येणार? विश्वास नसलेल्या गोष्टीचा आपण किती बारकाईनं विचार करतोय, हे तिच्या लक्षात आलं आणि ती एकटीच हसली. हसणं जरा लांबलं.

मिनीबसमध्ये मेना खिडकीशी बसली होती. वाहक दारात लटकून "चान चान, चान चान" ओरडत होता. गप्प राहायला नको म्हणून नेरीदानं विचारलं, "ती तुझी म्हातारी कशी आहे गं?"

मेनाचा चेहरा एकदम उजळला. "ओर्नेला बाई? अगं, खट्याळ आहे. तिला माझं नाव कधी आलंच नाही. पहिल्या दिवसापासून मला फिलू म्हणते. फिलू, खिडकी उघड. फिलू, खिडकी लाव. तिच्या मुलीलाही तेच लागलं, खालच्या पाववाल्यालाही तेच."

"फिलू," नेरीदा म्हणाली.

"काय?" मेनानं चटकन वळून बघितलं. डोळे स्वच्छ, हजर.

नेरीदाच्या डोक्यात लख्ख झालं. हे नाव घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. त्या मागच्या खोलीला ते ठाऊक नव्हतं. या नावाला ओ देणारी एकच होती. ती मिलानची होती, तिथं परत जाणार होती, तिला ठेवून घेता येणार नव्हतं. हेही नेरीदाला त्याच क्षणी कळलं. पण तिला ठेवून घ्यायचा हट्ट तर तिनं आधीच सोडला होता.

"काय गं, अशी काय बघतेस?" मेना म्हणाली.

"काही नाही. आज तुला मासे दाखवते. उलटसुलट पोहणारे."

६

वेन्चे काकांनी दोघींना बघितलं. आज त्यांनी बुटांची चेष्टा केली नाही. "आज दोघी ना?" ते म्हणाले. "येताना दोघी बघून घे."

आत ऊन होतं. धुक्याचा पत्ता नव्हता. पाण्याच्या तळ्याशी लव्हाळं हलत होतं आणि कुठूनतरी शाळेच्या सहलीचा कलकलाट येत होता. नेरीदानं मेनाचा हात धरला होता. बोळातून जाताना ती दर वळणावर कान देत होती. दोघींचीच पावलं होती. तिसरं काही नव्हतं. जाळीच्या भिंतीशी ती थांबली, सगळ्या भोकांतून पलीकडं बघितलं. पलीकडं ऊन, माती आणि एक सरडा. नेरीदाला नाचावंसं वाटलं. ते आत आलं असणार आणि आपल्या जागी जाऊन बसलं असणार, म्हणूनच इतकं शांत होतं.

फाटकाशी तिनं मेनाचा हात सोडला, एकटी दोन पावलं पुढं गेली आणि आत तोंड केलं.

"फिलू, चल गं. मागं राहू नकोस."

"आले," मेना खणखणीत म्हणाली आणि बाहेर आली. झालं. इतकं सोपं होतं. नेरीदानं फाटकात कान लावून ऐकलं. दुसरी ओ आली नाही.

"दुसरीला बोलावत नाहीस?" वेन्चे काकांनी विचारलं.

"नाही काका. एवढीच."

काका काहीतरी बोलणार होते, पण सहलीची पोरं त्यांच्या खिडकीवर येऊन आदळली.

परतताना दोघी सगळी वाट हसत होत्या. मेना पुरी आली होती. गाल लाल, जिभेला धार. तिनं वाहकाच्या ओरडण्याची नक्कल केली, बर्फाचा गोळा घेतला, नेरीदाच्या नाकाला लावला. नेरीदा तिला फिलूच म्हणत होती. "फिलू, इकडं बघ. फिलू, सांडतंय." दर वेळी मेना वळत होती आणि दर वेळी नेरीदाला आनंदाचं भरतं येत होतं.

"किती मोठा समुद्र आहे गं तुमच्याकडं," मेना खिडकीतून बघत म्हणाली.

"तुमच्याकडं म्हणे," नेरीदा हसली. "मिलानवाली."

मेनाही हसली. "खूप छान दाखवलंस सगळं, नेरीदा. मला वाटलं नव्हतं मला इतकं आवडेल."

एरवी ती पिसू म्हणते, हे नेरीदाला जाणवलं. पण आज सगळंच नवं होतं, आणि ती इतकी खूश होती की तिनं ते तिथंच सोडून दिलं.

७

घराचं दार उघडंच होतं. आतून तळल्याचा वास येत होता आणि आईच्या बोलण्याचा आवाज. कुणाला तरी ती मामाची कोंबड्यांची गोष्ट सांगत होती. मध्येच थांबत होती, हसत होती, पुढं सांगत होती.

"आई, आम्ही आलो," नेरीदानं हाक मारली.

स्वयंपाकघराच्या दारावर वेताच्या मण्यांचा पडदा होता. तो हलला आणि आई हात पुसत बाहेर आली. नेरीदाला बघून हसली. मग तिची नजर मेनावर गेली. आईनं पटकन केस सारखे केले, एप्रनवरचा डाग हातानं झाकला. बाहेरचं कुणी आलं की ती नेहमी करायची, तसंच.

"या ना," ती मेनाला म्हणाली. "बसा. नेरीदा, सांगायचं तरी मैत्रीण आणतेय म्हणून. घर कसं पसरलंय."

नेरीदा मेनाकडं वळली. आता मेना हसेल, म्हणेल, काय आई, काय चेष्टा ही. पण मेना दाराशीच थांबली होती. तिनं पायपुसण्यावर बूट नीट पुसले. अनोळखी घरात जपून बघावं तसं भिंतीवरच्या फोटोंकडं बघितलं. त्यांत तिचा फोटो होता.

"तुम्हाला त्रास नको, बाई," ती अदबीनं म्हणाली. "मी थोडाच वेळ बसेन." आणि खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली.

"त्रास कसला. माझी थोरली आलीय ना इटलीहून, ती आहे मदतीला. आता जात नाही म्हणते परत." आईचा आवाज आनंदानं कापत होता. "इथंच राहणार."

मण्यांच्या पडद्यामागं कुणीतरी चुलीपाशी उभं होतं. नेरीदाला एक कोपर दिसलं. पळी हलत होती, सावकाश. कोपर कोरड्या मातीच्या रंगाचं होतं आणि वाकलं की त्यावरून बारीक धूळ झरत होती. पेलूसा तिथंच पायाशी पडली होती, डोळे मिटून, अगदी सुखात.

इथंच होतं ते. ते कुठंही गेलं नव्हतं. त्याला घरी बोलावलं होतं आणि ते घरी आलं होतं. चान चानला त्याला घेऊन गेलंच कुणी नव्हतं. तिथं नेरीदानं एकच गोष्ट सोडली होती, बहिणीचं नाव.

ओरडावं, पडदा ओढावा, मेनाला धरून बाहेर पळावं, असं सगळं एकदम तिच्या मनात आलं. तिनं तोंड उघडलं.

"पिसू," पडद्यामागून आवाज आला. किती ओळखीचा, किती मायेचा. "पाहुणीला पाणी दे गं."

नेरीदा दचकली, आणि नेहमीसारखं, विचार करायच्या आतच तिच्या तोंडून गेलं,

"आले, मेना."